पाखराला मोजता येत नाही

दुर्बीण

समितीच्या साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला, काढला, रुमालानं काच पुसली आणि पुन्हा लावला.

"घरटं दिसतंय," ते म्हणाले.

"आत बघा साहेब. दोन पिल्लं आहेत," माई म्हणाल्या.

"घरटंच दिसतंय. रिकामं."

मग माईंनी पाहिलं, मग त्यांच्या धाकट्या बहिणीनं, मग रखवालदारानं, मग फोटोवाल्यानं. समोरच्या कड्याच्या कपारीत काटक्यांचं ते भलंमोठं टोपलं होतं तिथंच होतं. त्याच्या काठावरून रोज डोकावणाऱ्या दोन पांढऱ्या लोकरी माना तेवढ्या नव्हत्या. आईबापही नव्हते.

साहेबांनी कागदावर लिहिलं, 'जुने, सोडून दिलेले घरटे', आणि परतण्याआधी चहा मिळेल का म्हणून विचारलं.

चहा मिळाला. तो त्या बहिणीनंच केला. चांगला झालाय, असंही साहेब म्हणाले.

माडीवर

हे भावोजींनी पाहिलेलं नाही. त्यांनी ते दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर ऐकलं. तिथं त्यांच्या वहिनींची खाजगी तपासाची कचेरी आहे. कचेरी मुळात थोरल्या भावाची. तो गेल्यावर वहिनी कुलूप लावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. वहिनींनी पाटी पुसली आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. "पाटीवरचं नाव तेच आहे, खालची अक्कल बदललीये," असं खालचा शिंपी गिऱ्हाइकांना सांगतो.

वीज खात्यातून निवृत्त झालेल्या भावोजींकडे इथं दोन कामं असतात. गाडी चालवणं, आणि दर वेळी चुकीचा माणूस पकडणं.

"पिल्लं कोणी नेली ते मला हवंय," समोर बसलेल्या माई म्हणाल्या. उंच, ताठ बाई. डोळे रडून नाही, न झोपून लाल झालेले. "आमच्या दरीच्या पोटात धातू आहे. कंपनीला ती उकरायचीये. सगळं जंगल राखीव आहे, पण राखीवपणाला सरकारनं खाणींसाठी एक खिडकी ठेवलीये. खिडकी बंद करायला एकच गोष्ट लागते. काळा करकोचा तिथं पिल्लं वाढवतो हे समितीनं मान्य केलं, की खाण नाही."

"आणि तो वाढवतो," वहिनी म्हणाल्या.

"आम्ही त्या जोडीला वकील म्हणतो. काळा कोट, पांढरं पोट. आमची केस खरी तेच लढत होते." माई हसल्या नाहीत. "लोक लांबून येतात त्यांना बघायला, आमच्या घरांतून राहतात. अख्खी दरी त्यावर जगते. अहवाल या आठवड्यात वर जाईल. पिल्लं होती एवढं जरी सिद्ध झालं, तरी समितीला तो मागं घ्यावा लागेल."

"संशय कोणावर?"

"घरट्यापर्यंतची वाट फक्त आमच्याच माणसांना ठाऊक आहे. बाई, कुंपणानंच शेत खाल्लंय."

वहिनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग आधीच विचारते. कुंपण कुठलंही निघालं, तरी सांगायचं?"

"कुठलंही निघालं तरी."

भावोजींना वाटलं, हा प्रश्न वहिनी एरवी विचारत नाहीत.

लाल जाकीट

गाडी जंगलाच्या फाटकाशीच ठेवावी लागली. पुढं डोंगर उतरून पायी.

"रस्ता नाही?" भावोजींनी धापा टाकत विचारलं.

"आणणार होते. आम्ही होऊ दिला नाही," माई अभिमानानं म्हणाल्या. "रस्ता आला की मागोमाग सगळं येतं."

घराच्या दारातच माईंच्या बहिणीनं भावोजींना अडवलं. तिला सगळे धाकटी म्हणत, आणि पन्नाशी गाठली तरी तिचं ते नाव सुटलं नव्हतं. "जाकीट काढा," ती म्हणाली.

"का हो?"

"लाल आहे. इथं भडक काही चालत नाही. पाखरं बिचकतात."

दाराशी मोठी लाकडी पेटी होती. येणाऱ्यांचे रंगीबेरंगी कपडे तिच्यात जायचे आणि बदली मातकट कोट मिळायचे. भावोजींचं लाल जाकीट एका केशरी रेनकोटावर जाऊन पडलं. जमीन तडकलेली, आभाळ कोरं, आणि या दिवसांत रेनकोट कोणी आणला असेल, असा विचार त्यांच्या मनात आला. पण मातकट कोट त्यांच्या पोटावर मिटेना, त्या गडबडीत तो निघूनही गेला.

स्वयंपाकघरात चहा पिताना त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला. मिशीवाला, हसरा माणूस.

"आमचे हे," धाकटी म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात गेले. छातीत कळ आली. खाटेवर घालून चौघांनी वर नेलं. फाटकाशी गाडी उभी होती. गाडीपर्यंत पोचले, तिच्यात नाही बसले."

 "चहा छान झालाय," भावोजी म्हणाले.

"कालचे साहेबही हेच म्हणाले," धाकटी म्हणाली आणि कपबशा उचलू लागली.

पोचवण

लपण म्हणजे लाकडाची खोपटी. आत दोन स्टुलं, समोर बोटभर रुंदीची फट, फटीतून थेट कड्यावरचं घरटं. बाकी तिन्ही भिंती बंद, मागच्या भिंतीला दार.

"आता गंमत बघा," रखवालदार म्हणाला. लांबट चेहऱ्याचा, सतत कुरकुरणारा गडी. "आपण तिघं आत जायचं. मग मी एकटा बाहेर पडायचं आणि वाटेनं दिसेनासं व्हायचं. पाखरू वरून बघत असतं. माणसं गेली, असं समजून ते निवांत घरट्यावर येतं. त्याला मोजता येत नाही ना."

"म्हणजे तीन आले आणि एक गेला हे कळतच नाही?" भावोजींनी विचारलं.

"आले ते कळतं, गेले ते कळतं. किती, ते कळत नाही. याला आम्ही पोचवण म्हणतो. ज्यानं पोचवलं, त्यानंच न्यायला यायचं. तोवर आतल्यानं दार उघडायचं नाही. पाखरानं आतल्या माणसाला बाहेर पडताना पाहिलं, तर पुन्हा त्या लपणावर त्याचा विश्वास बसत नाही."

"आणि पाखरू बघतं कुठून?" वहिनींनी विचारलं.

"मागच्या उतारावरचं सुकं झाड. आधी तिथं बसणार, खालचं सगळं निरखणार, मगच घरट्यावर. आत्ताही नर बसलाय बघा. कालपासून बसून आहे, खाली येत नाही."

भावोजींनी वळून पाहिलं. पानं नसलेल्या फांदीवर काळा कोट घातलेला एक लांब पक्षी मान खाली घालून उभा होता. खटला हरलेला वकील असाच उभा राहत असेल.

"काय माया करायचे हो पिल्लांवर," रखवालदार म्हणाला. "खाली नदीवरून घशात पाणी भरून आणायचे आणि पिल्लांच्या अंगावर ओतायचे. दुपारी पंख पसरून सावली धरायचे. कड्यावर ऊन म्हणजे तापला तवा."

बाहेर पडताना भावोजींची बाही मागच्या भिंतीला अडकून टर्रकन फाटली. डोक्याच्या उंचीवर एक खिळा होता, नवाकोरा, चकचकीत.

"हा कोणी मारला?" रखवालदार चिडून म्हणाला. "आम्ही लपणाला लोखंड लावत नाही. चमकतं. सगळं दोरीनं बांधतो."

वहिनींनी खिळ्याला बोट लावलं, मग लपणाच्या पुढं जाऊन फटीसमोरचं झुडूप बघितलं. एक फांदी ताजी छाटलेली होती.

"ती मीच तोडली, शनिवारी संध्याकाळी," रखवालदार म्हणाला. "पानं मध्ये यायची. समितीच्या साहेबांना नीट दिसावं म्हणून. दिसलं त्यांना नीट, काय सांगू."

तिघांना विचारलं

*रखवालदार.* रविवारी रात्री वाटेवर पहारा त्याचाच होता. झोपलो नाही, असं तो दोनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर, डोळा लागला असेल जरासा, असं म्हणाला. भाऊ कंपनीत कामाला लागलाय हे खरं. त्यामुळे घरात भांडण झालं हेही खरं. "म्हणून मी पिल्लं विकली? सगळे माझ्याकडेच बघतायत मॅडम. सकाळपासून माझ्या मागनं कुजबूज चाललीये."

"काळोखात त्या कपारीत उतरता येईल?"

"दोर लावला तर. मी तर उतरणार नाही, लाख दिलेत तरी."

"तुमच्याकडं मासे धरायचा गळ आहे?"

रखवालदार गोंधळला. गळ होता. वहिनी त्याला, गळाला आणि त्याच्या मोबाइलला घेऊन कड्याच्या माथ्यावर गेल्या. गुडघ्यांनी नकार दिल्यामुळे भावोजी खालीच बसले. तासाभरानं दोघं परत आली, तेव्हा रखवालदार कुरकुरत नव्हता. वहिनींनी भावोजींना काही सांगितलं नाही, आणि भावोजींनी, तो चेहरा बघून, विचारलं नाही.

*फोटोवाला.* देशोदेशीच्या मासिकांतून फोटो येणारा, दाढी विंचरलेला माणूस. तीन उन्हाळे माईंकडे मुक्कामाला. दरीची कीर्ती त्याच्याच फोटोंनी झालेली. रविवारी दिवसभर लपणात तोच होता. भावोजी वही घेऊन बसले होते, त्यामुळे हे शब्दाला शब्द:

"कोणी पोचवलं तुम्हाला?"

"धाकटीनं. सकाळी, ऊन वर यायच्या आधी."

"न्यायला?"

"तीच आली. सूर्य मावळताना."

"दिवसभरात पिल्लं दिसली?"

"दिसली की. त्या दिवशीचा फोटोही आहे. जेवणाच्या खोलीत लावलाय, तो. माईंना संध्याकाळी छापून दिला."

"दुपारचा आहे?"

"दुपारचा. मादी पाणी पाजतेय."

"कोपऱ्यात हे हिरवं काय?"

"पान असेल. फटीसमोर झुडूप आहे."

"फोन होता आत?"

"होता. पण तिथं रेंज नाही. इथं रेंज म्हणजे माईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथं फोन ठेवून मोठ्यानं बोलायचं, अख्ख्या घरानं ऐकायचं."

"म्हणजे वाजला नाही."

"...नाही."

उत्तर द्यायला वेळ लागला. भावोजींनी वहीत तीन टिंबं काढली. ती त्यांची या तपासातली सर्वोत्तम कामगिरी.

*धाकटी.* ती बटाटे सोलत होती, आणि थांबली नाही.

"पोचवून घरी आले. चादरी धुतल्या, खोल्या लावल्या. साहेब येणार म्हणून ताईनं सगळ्यांना कामाला जुंपलं होतं. संध्याकाळी त्यांना घेऊन आले."

"कोणी नेली असतील पिल्लं?"

"मला काय माहीत?"

"तुमचा अंदाज."

"अंदाज करून काय उपयोग बाई? मेलेली पिल्लं काय परत येणारेत?"

"ताईंशी तुमचं पटतं?"

सालीची लांब पट्टी न तुटता खाली गेली. "हे घर आम्ही दोघींनी उभं केलं. आता लोक तिचं म्हणतात. न पटायला काय झालंय?"

भावोजींचं उत्तर

"रखवालदार," संध्याकाळी भावोजींनी जाहीर केलं. "रविवारी दुपारी पिल्लं होती, फोटो आहे. सोमवारी पहाटे नव्हती. म्हणजे रात्री गेली. रात्री वाटेवर तो. भाऊ कंपनीत. दोर त्याला बांधता येतो. झालं की."

"गोष्ट इथं संपवायची?" वहिनींनी विचारलं.

"का नाही?"

"माझी हरकत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सवय जगाला आहेच." त्या जाकीट शोधत पेटीशी गेल्या. "घ्या, फाटका कोट काढा. गार पडायला लागलंय."

भावोजींनी जाकीट अंगात घातलं आणि वळवळायला लागले. "यात गवत आहे, वहिनी. पाठीला टोचतंय. पेटीत कोणी गवत भरलंय?"

वहिनींनी त्यांच्या पाठीवरून वाळक्या गवताच्या दोन काड्या काढल्या, रुमालात गुंडाळल्या, आणि पुन्हा पेटीत वाकल्या. सरळ झाल्या तेव्हा त्या पेटीकडे नाही, स्वयंपाकघराच्या उजेडाकडे बघत होत्या.

"उद्या सकाळी सगळ्यांना एकत्र बसवू," त्या म्हणाल्या. "आज माईंना जेवू दे."

वहिनींचं उत्तर

बुधवारी सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती माई, धाकटी, रखवालदार आणि फोटोवाला बसले. भावोजी दाराशी उभे राहिले. टेबलावर फोटो होता.

"रात्र विसरा," वहिनी म्हणाल्या. "रात्री कोणीच काही केलं नाही. रात्र आपल्याला या एका फोटोनं दिली. रखवालदार, कोपऱ्यातलं हिरवं काय आहे?"

रखवालदारानं फोटो जवळ घेतला. "ही तर मी तोडलेली फांदी. हिचीच पानं मध्ये यायची."

"कधी तोडलीत?"

"शनिवारी."

"मग ती रविवारच्या फोटोत कशी आली?"

सगळ्यांनी फोटोवाल्याकडे पाहिलं. त्यानं दाढीवरून हात फिरवला, आणि ती विंचरलेली दाढी एकदम विस्कटली.

"आदल्या आठवड्यातला आहे," तो म्हणाला. "रविवारी पाखरं आलीच नाहीत. एकदाही. धाकटी गेली आणि दोन मिनिटांत माझ्या मोबाइलचा गजर वाजला. बंद करायला विसरलो होतो. मला वाटलं माझ्यामुळे बिथरली. दिवसभर बसून राहिलो. माई, तुम्हाला कसं सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी समिती. म्हटलं, सकाळपर्यंत येतील."

"मी त्या संध्याकाळी तुम्हाला विचारलं," माई हळू म्हणाल्या. "पिल्लं कशी आहेत म्हणून. समिती पुढं ढकलता आली असती. वर माणूस पाठवता आला असता. तुम्ही मला फोटो हातात दिलात. मी तो भिंतीवर लावला."

फोटोवाल्यानं टेबलावरचा फोटो पालथा घातला.

"पण गजरानं पाखरू तासभर बिचकेल," वहिनी पुढं म्हणाल्या. "घरट्यात पिल्लं तापत असताना दिवसभर दूर राहणार नाही. दिवसभर दूर ठेवायला दिवसभर टिकणारं काहीतरी हवं. फोटोवाल्याला न दिसणारं आणि पाखराला दिसणारं. म्हणजे कुठं?"

भावोजींनीच उत्तर दिलं. "लपणाच्या मागं. आतून मागं बघायला जागाच नाही. आणि सुक्या झाडावरून मागचीच बाजू दिसते."

वहिनींनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. "तिथं तुमची बाही ज्या खिळ्यानं फाडली, तो खिळा नवा होता. त्यावर टांगलेली वस्तू पेटीत आहे. पावसाचा पत्ता नसताना आलेला केशरी रेनकोट. काल काढून पाहिला. कॉलरला खिळ्याचं भोक आहे आणि बाह्यांच्या आत गवत. भावोजींच्या पाठीला टोचलं तेच. शेतात पाखरांसाठी उभं करतात तसलं बुजगावणं, केशरी रंगाचं. पाखराला मोजता येत नाही हे खरं. पण एक माणूस दारात उभाच आहे, हे कळायला मोजता यावं लागत नाही."

"कोणी टांगलं?" माईंनी विचारलं. त्यांनी कोणाकडेही न बघता विचारलं, आणि भावोजींना कळलं की उत्तर त्यांना आधीच मिळालं होतं.

"ज्यानं पोचवलं त्यानंच न्यायला यायचं. तोवर आतल्यानं दार उघडायचं नाही. हा तुमचाच नियम. सकाळी आतल्याच्या पाठीमागं कोट टांगायचा, संध्याकाळी दार वाजवायच्या आधी काढायचा. मधे कोणी बघणार नाही याची खात्री एकाच माणसाला होती. शिवाय सगळं घर 'चोरीला गेलेली पिल्लं' म्हणत होतं. 'मेलेली पिल्लं' एकट्यानंच म्हटलं."

"पण मेलेली कशी?" माई म्हणाल्या. "घरटं रिकामं होतं. मी पाहिलं."

रखवालदारानं मोबाइल काढला आणि टेबलावर सरकवला. गळाच्या दोरीला बांधून वरून सोडलेल्या मोबाइलनं काढलेला, थोडा हललेला फोटो होता. काटक्यांच्या खोल टोपल्याच्या तळाशी दोन पांढरी पिल्लं एकमेकांना चिकटून आडवी पडली होती.

"खालून काठाआड दिसत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "उभी असती तर दिसली असती. कोणी नेली नाहीत, माई. ती तिथंच आहेत."

 मग धाकटीनं पदराला हात पुसले. ते कोरडेच होते.

"मी पिल्लांना हात लावला नाही," ती म्हणाली.

"गजरामुळे फोटोवाले गप्प बसतील, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"नव्हतं. मला वाटलं, फोटोवाले संध्याकाळी बोंब मारतील. मारली असती तर मारली असती. पाखरं बिचकून गेली, एवढंच लोक म्हणाले असते. समिती रिकामं घरटं बघून परत जाईल आणि खाण येईल. खाणीबरोबर रस्ता येईल."

"पिल्लं मरतील असं वाटलं नव्हतं तुम्हाला?" रखवालदारानं विचारलं. त्याला हवं ते उत्तर त्याच्या आवाजातच होतं.

"वाटलं होतं," धाकटी म्हणाली.

माई उठल्या. भावोजींना वाटलं, आता हात उचलतील. त्यांनी फक्त खुर्ची सारखी केली.

"माझ्याशी बोलली असतीस," त्या म्हणाल्या.

"बोलले होते ताई. आमच्या ह्यांना खाटेवर घातलं त्याच्या आदल्या वर्षी बोलले होते. निदान रुग्णवाहिका येईल एवढी वाट होऊ दे म्हटलं. तू सभेत सगळ्यांसमोर म्हणालीस, माझ्या घरातच कच्चे लोक आहेत. लोक हसले. आमचे हे सुद्धा हसले, तुझं मन राखायला." तिचा आवाज चढला नाही. "ते वर जाईपर्यंत माझा हात धरून होते. वाटेत म्हणत होते, ताईला सांगू नकोस दुखतंय म्हणून, तिला वाईट वाटेल."

"मला हे कोणी सांगितलं नाही."

"तू पाखरं मोजत होतीस."

 "तुझ्या दुःखाचं मी काहीही ऐकलं असतं," माई म्हणाल्या. "माझ्या पाठीमागं कोट टांगलास तू. सोमवारी पहाटे माझ्या शेजारी उभी राहिलीस. मी दुर्बीण तुझ्या हातात दिली, तू आत बघितलंस आणि म्हणालीस, खरंच गं ताई, कुठं गेली असतील. आणि मग त्यांना चहा केलास."

 धाकटीनं भिंतीवरच्या फोटोकडेही पाहिलं नाही.

"आता काय?" भावोजींनी वहिनींना दबक्या आवाजात विचारलं.

"आता आपलं काम संपलं," वहिनी म्हणाल्या. "पण पिल्लं होती हे सिद्ध करायचं, तर ती मेली कशी हेही सांगावं लागेल. नाहीतर कंपनीचा वकील म्हणेल की तुम्हीच कुठून तरी आणून टाकली. यातलं अर्धं सांगता येत नाही, माई. दरी हवी असेल तर सगळं सांगावं लागेल. संरक्षित पक्ष्याला मारणं म्हणजे तुरुंग."

फोटोवाल्यानं तोंड उघडलं. "नाव न घेता सांगता आलं तर—"

"तुम्ही गप्प बसा," माई म्हणाल्या. "गप्प बसण्यात तुमचा हातखंडा आहे."

त्या खिडकीशी गेल्या, फोन कट्ट्यावर ठेवला आणि नंबर लावला. धाकटी जागची हलली नाही. पळून जायला रस्ता नव्हता, असं नंतर डोंगर चढताना भावोजी म्हणाले, आणि वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की फाटकापर्यंत ते पुन्हा बोलले नाहीत.

पण ते नंतर. आत्ता खिडकीतून समितीच्या साहेबांचा आवाज घरभर येत होता. पिल्लांचा फोटो आहे का, त्यांनी विचारलं. आहे, माई म्हणाल्या. रेनकोट जपून ठेवलाय का? ठेवलाय. मग अहवाल थांबवावा लागेल, ते म्हणाले, गुन्हा नोंदवावा लागेल. कोणी केलं ते कळलंय का? बाहेरचं कोणी?

"नाही," माई म्हणाल्या.

मग नाव सांगा. पूर्ण.

माईंनी बहिणीकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याचं नाव यात यायला नको, असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी ते घेतलं नाही. त्यांनी माहेरचं नाव सांगितलं. तिचं नाव नीट, अक्षर न् अक्षर सांगितलं. मग वडिलांचं सांगताना त्या अडखळल्या, आणि मग आडनावाशी येऊन थांबल्या.

"हॅलो," साहेब म्हणाले. "आडनाव?"

धाकटीनंच ते सांगितलं, बसल्या जागेवरून, मोठ्यानं, फोनला ऐकू जाईल असं. दोघींचं मिळून एकच होतं.